काम भरपूर होतं

भोसरी एमआयडीसीत एखाद्या शेडच्या शटरवर ‘भाड्याने देणे आहे’ असा कागद चिकटला की चहाच्या टपरीवर लगेच निदान होतं : बिचाऱ्याला काम मिळालं नसेल. मी जवळून पाहिलेली वर्कशॉप्स मात्र कामावाचून कमी आणि कामापायी जास्त बुडाली. आमचं बुडायच्या बेतात आलं तेव्हा मशीन दोन्ही पाळ्यांत चालू होतं, बाहेर टेम्पो उभा होता आणि ऑपरेटरांचा पगार द्यायला घरातलं सोनं बँकेत ठेवलं होतं.

मी आधी नोकरीत सीएनसी विभाग सांभाळायचो. मशीन कळत होतं, मटेरियल कळत होतं, माणसंही बऱ्यापैकी कळत होती. मेव्हण्याला बरोबर घेऊन भाड्याची शेड घेतली आणि कर्जावर एक टर्निंग सेंटर बसवलं. व्हॉल्व्ह बनवणारी एक कंपनी गिऱ्हाईक मिळाली. त्यांना स्टेनलेस स्टीलचे स्पिंडल हवे होते; बार आमचे, काम आमचं, वाहतूक आमची. पहिल्या खंडेनवमीला चकला झेंडूची माळ घातली तेव्हा ऑर्डरबुक पुढच्या तिमाहीपर्यंत भरलेलं होतं.

नवीन धंदा काढणाऱ्याला पहिली गोष्ट सांगेन ती तासाच्या भावाची. हा हिशेब कागदावर फसवतो. समजा, मशीनचा हप्ता ३१ हजार, शेडचं भाडं १५, वीज १२, दोन ऑपरेटर मिळून ४४, इन्सर्ट-ऑइल-कूलंट १० आणि हेल्पर, टेम्पो, किरकोळ असे २०. महिन्याला १ लाख ३२ हजार झाले. दोन पाळ्या म्हणजे १६ तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ४१६ तास. भागाकार केला की तासाला ३१७ रुपये येतात. बाजारात भाव ३५० चा असला की माणूस खूश होतो, ३३ रुपये सुटले म्हणून.

आता मशीनजवळ उभं राहून बघा. नवा जॉब लावायचा तर सेटिंगमध्ये अर्धी पाळी जाते. इन्सर्टची धार जाते, बार संपतो, वीज जाते, ऑपरेटर गावाला जातो आणि सांगितलेल्या दिवशी परत येत नाही. पहिला पीस तपासायला व्हर्नियर सापडत नाही, कारण तो शेजारच्या शेडवाल्याने नेलेला असतो. ४१६ पैकी चिप्स निघण्याचे तास २८० भरले तरी चांगली शेड म्हणायची. तेच १ लाख ३२ हजार २८० ने भागले की तासाला ४७१ होतात. म्हणजे ३५० च्या भावात प्रत्येक तासाला १२१ रुपये आपल्या खिशातून चालले. वर सायकल टाइम आहेच. प्रोग्रॅम ९० सेकंदांचा असेल, पण पीस काढून नवा लावायला २० सेकंद लागतात. तासाला ४० नग धरलेले असतात, निघतात ३२. अशा भावात ऑर्डर वाढवून मागणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार आणखी जोरात करणं. भाव देण्याआधी महिनाभर मशीनशेजारी वही टांगा आणि बंद पडलेला प्रत्येक तास कारणासकट लिहून काढा. मशीन विकायला येणारा माणूस २८० हा आकडा कधी सांगणार नाही.

(या सगळ्या हिशेबात मालकाचा पगार कुठे आहे, असं कुणी विचारलं नाही ना? बहुतेक जण विचारत नाहीत. शेडमध्ये मी सेटर, ड्रायव्हर आणि वॉचमनही होतो. तेवढी तीन माणसं ठेवली असती तर काय द्यावं लागलं असतं, तो आकडा भावात धरायलाच हवा.)

भाव बरोबर असला तरी दुसरा खड्डा पुढेच असतो. बारवाला रोख मागतो, ओळख झाली की पंधरा दिवस थांबतो. माल बनायला दोन-तीन आठवडे लागतात. मग बिल. समजा ५ लाखांचं बिल केलं. व्हॉल्व्हच्या भागांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९० हजार. बारवर भरलेल्या कराची वजावट ५४ हजार मिळाली तर उरलेले ३६ हजार पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचे, गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. दरमहा रिटर्न भरणाऱ्याच्या बाबतीत सरकार बिलाची तारीख बघतं. गिऱ्हाईक मात्र ९० दिवस मोजतं, आणि तेही बिलापासून नाही, जीआरएन (माल स्वीकारल्याची नोंद) झाल्यापासून. मधल्या काळात तीन पगार, तीन हप्ते आणि तीन भाडी झालेली असतात. ऑर्डर दुप्पट झाली की हा खड्डाही दुप्पट होतो. लोक त्या दिवशी पेढे वाटतात. मी म्हणेन, त्या दिवशी बँकेत जा.

बँकेतही एक मेख आहे. कॅश क्रेडिटची मर्यादा मंजूर झाली म्हणजे तेवढे पैसे उचलता येतात असं नसतं. दरमहा स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं आणि साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जुनी येणी बँक हिशेबात धरत नाही. म्हणजे गिऱ्हाइकाने पैसे अडकवले की ते येत नाहीतच, वर त्यांच्या जोरावर मिळणारी उचलही आटते. एकाच उधारीचा फटका दोनदा बसतो.

येणं अडकतं कसं, ते जवळून सांगतो. स्पिंडलच्या थ्रेडला गेज लावतात : ‘गो’ शेवटपर्यंत फिरत जायला हवा, ‘नो-गो’ तोंडाशीच अडायला हवा. आमच्या एका लॉटमध्ये थ्रेडच्या तोंडाशी नख लागेल एवढी धातूची बर राहिली होती आणि ‘गो’ तिथे अडत होता. हेल्परला बसवून फाइल मारली असती तर एका दिवसात लॉट मोकळा झाला असता. तो गिऱ्हाइकाच्या गोदामात लाल पट्टी लावून महिनाभर पडून राहिला. मी फोन करायचो, “साहेब, जीआरएन झाला का?” उत्तर यायचं, “क्वालिटीत अडकलंय, शेठ.” क्वालिटीवाले म्हणायचे परचेसला विचारा, परचेसवाले म्हणायचे साहेबांची सही राहिलीय. शेवटी डेबिट नोट आली, त्यात मालाच्या किमतीबरोबर त्यांची लाइन थांबल्याचा खर्चही लावलेला. तो लॉट आला त्या आठवड्यात लाइन दुसऱ्याच व्हॉल्व्हवर चालू होती, हे त्यांच्याच स्टोअरवाल्याने मला सांगितलं.

म्हणून कागद पक्का ठेवा. एमएसएमईडी कायदा २००६ चा आहे आणि तो आपल्या बाजूचा आहे. लेखी करार नसेल तर गिऱ्हाइकाने पंधरा दिवसांत पैसे द्यायचे. करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत. पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, ९० छापले म्हणून ४५ चे ९० होत नाहीत. मालाबद्दल तक्रार असेल तर ती माल पोचल्यापासून पंधरा दिवसांत लेखी यायला हवी. नाही आली तर माल पोचल्याच्या दिवशीच स्वीकारला असं धरतात. ‘क्वालिटीत अडकलंय’ हे फोनवर सांगणं लेखी तक्रारीत मोडत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती ऑनलाइन फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. आणि पहिला माल पाठवण्याआधी करून ठेवा, मागाहून केली तर आधीच्या बिलांवर वाद उभा राहतो.

या कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे तक्रार केली की ते गिऱ्हाईक गेलं असं समजायचं. तो शेवटचा उपाय. रोजच्या कामाला येतो तो मार्च महिना. सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचे पैसे मुदतीबाहेर थकवले तर ३१ मार्चला थकलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, अशी तरतूद आयकरात १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. तेव्हापासून कंपन्यांचे अकाउंटवाले मार्चमध्ये स्वतःहून उद्यम सर्टिफिकेट मागतात. आपण फेब्रुवारीतच थकीत बिलांची यादी, चलनाच्या तारखा आणि सर्टिफिकेट जोडून ईमेल टाकावी. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नसतो. आणि ईमेल परचेसला न पाठवता अकाउंटला पाठवावी, कारण परचेसवाल्याला आपल्या पैशाची घाई नसते.

मेव्हण्याचं थोडक्यात सांगतो. तो आता वेगळा धंदा करतो आणि आमचं बोलणं चालू आहे, ते केवळ भागीदारीचा करार पहिल्या महिन्यात केला होता म्हणून. कुणी किती पैसे घातले, कोण किती उचलणार आणि सोडायचं झालं तर मशीनची किंमत कोण ठरवणार, एवढं त्यात असलं तरी पुरतं. घरातल्या घरात कागद कसला, असं सासूबाई म्हणाल्या होत्या.

एका गिऱ्हाइकाचं काम एकूण कामाच्या ४० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही, अशी रेघ मी आता मारली आहे. ती पाळताना चांगल्या ऑर्डरीला नाही म्हणावं लागतं आणि अजूनही जिवावर येतं.

सरळ नाहीच म्हणायचं असंही नाही. परचेसवाला हमखास म्हणतो, “शेठ, रेट थोडा खाली करा, व्हॉल्यूम देतो.” अशा वेळी रेटवर घासाघीस करत बसू नका. त्याला म्हणा, बार तुम्ही पाठवा, चलनावर पाठवा, आम्ही फक्त मजुरी लावू. मोठी कंपनी स्टील आपल्यापेक्षा स्वस्त घेते, तिला सप्लायर उधारीही देतो. आपल्या ५ लाखांच्या बिलातले ३ लाख बारचेच असतात; ते गेले की थकलं तरी थकून थकून २ लाख थकतील, आणि करही तेवढ्यावरच भरावा लागेल. फक्त प्रत्येक बार वजन करून उतरवून घ्या, चिप्स कुणाच्या ते पीओवर लिहून घ्या (स्टेनलेसच्या भंगाराला चांगला भाव येतो, त्यावरून मागाहून भांडणं होतात) आणि दिलेला माल वर्षाच्या आत परत गेल्याची नोंद चलनावर चलन जोडून ठेवा. आमच्या दोन गिऱ्हाइकांनी हे मान्य केलं. तिसऱ्याने केलं नाही, त्याचे स्पिंडल आता पलीकडच्या गल्लीत बनतात.