उंचावलेली जीप आणि तिची सुकाणू यंत्रणा

जीप ही गाडी महाराष्ट्रातील तालुक्याच्या कचेऱ्यांना नवी नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू झाली. पुढे अनेक दशके विस्तार अधिकारी, लसीकरणाची पथके आणि वनखात्याचे कर्मचारी ह्याच गाडीने आडवळणाच्या गावी पोहोचत राहिले. अशा जुन्या गाड्या कालांतराने लिलावातून खासगी हाती जातात. नवा मालक मोठे टायर बसविण्याच्या हौसेने, किंवा ओढ्यातील दगडधोंडे खालून लागू नयेत म्हणून, गाडी दहा सेंटिमीटर उचलून घेतो. पाटे बदलणे हे एका दिवसाचे काम होय. सुकाणूच्या दांड्या मात्र बहुधा जशाच्या तशा राहतात आणि खरा धोका तेथेच उत्पन्न होतो.

प्रथम कायद्याची बाजू ध्यानात घेतली पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य फेरबदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तेव्हा परिवहन कार्यालयात विचारणा केल्याशिवाय हत्यार उचलू नये. पुढील विवेचन गाडी तपासणारे, ती शिकविणारे आणि गावच्या कामासाठी भाड्याने घेणारे ह्यांच्या उपयोगासाठी आहे.

सुकाणूची पेटी चासीवर बसविलेली असते, तर चाके आसावर असतात. चासी आणि आस ह्यांच्यामध्ये पाटे असल्यामुळे खड्डा आला की ह्या दोहोंतील अंतर बदलते. पेटीचा हात आणि चाकाचा हात ह्यांना जोडणारी दांडी मात्र ताठ असते. मिस्त्री लोक तिला ड्रॅग लिंक म्हणतात. जुन्या विलिस गाडीत ह्या साखळीच्या मध्ये बेल क्रँक नावाचा आणखी एक सांधा असे, आणि तो झिजला म्हणजे चक्र हातभर फिरवूनही चाक हलत नसे. त्यानंतरच्या बऱ्याच गाड्यांत ही दांडी पेटीपासून निघून आडवी जाते आणि दुसऱ्या बाजूच्या चाकाला मिळते.

येथे शाळेतील काटकोन त्रिकोण उपयोगी पडतो. दांडीची लांबी ८० सेंटिमीटर आणि तिच्या दोन टोकांतील उंचीचा फरक ५ सेंटिमीटर आहे असे समजू. पायथागोरसच्या सिद्धांतानुसार तिची आडवी पोहोच ७९.८४ सेंटिमीटर भरते. उंचवट्यावर आस ५ सेंटिमीटर वर आला की दांडी आडवी होते आणि पोहोच ८० होते. फरक अवघा ०.१६ सेंटिमीटरचा. आता तीच गाडी १० सेंटिमीटर उचलली म्हणजे टोकांतील फरक १५ होतो व पोहोच ७८.५८ भरते. आस पूर्वीइतकाच, ५ सेंटिमीटर, वर आला की ती ७९.३७ होते. ह्या वेळी फरक ०.७९ सेंटिमीटरचा, म्हणजे जवळजवळ पाचपट. चाकाचा हात १५ सेंटिमीटर लांब असल्यास, चालकाने चक्र घट्ट धरलेले असतानाही चाक सुमारे तीन अंशांनी आपोआप वळते. रस्त्याच्या कडेने मुले शाळेत जात असतात, अशा ठिकाणी तीन अंश पुष्कळ झाले. नववी-दहावीच्या शिक्षकांनी हे गणित फळ्यावर अवश्य सोडवून दाखवावे. दांडीऐवजी पट्टी वापरली तरी मुलांच्या लक्षात येते.

उपाय एकच: दांडी पुन्हा शक्य तितकी आडवी करणे. स्वस्त मार्ग म्हणजे पेटीचा हात बदलून खाली वाकलेला बसविणे. पण त्यामुळे दांडीचा जोर शाफ्टच्या पुष्कळ खाली लागतो, बेअरिंगवर व पेटीच्या बोल्टांवर वाकविणारा भार वाढतो, आणि मोठ्या टायरांमुळे तो आणखी वाढतो. पेटीभोवती चासीला बारीक तडे दिसू लागतात ते ह्यामुळेच. अधिक चांगला मार्ग म्हणजे चाकाकडील टोक वर घेणे, म्हणजे आसाच्या टोकावरील ओतीव भागाच्या माथ्यावर नवा हात बोल्टांनी बसविणे. खर्च अधिक येतो, माथा यंत्रावर सपाट करून घ्यावा लागतो, आणि पाटे पूर्ण दबले असता दांडी पाट्याला किंवा चासीला घासत नाही ना, हे पाहावे लागते. तरीही प्रस्तुत लेखकाचे मत ह्याच मार्गाच्या बाजूने आहे. हात तापवून वाकविणे किंवा दांडीला जोड देऊन वेल्डिंग करणे हे मात्र सर्वथा वर्ज्य मानावे.

पाट्यांऐवजी गुंडाळीचे स्प्रिंग असलेल्या गाडीत, उदाहरणार्थ २०२३ मध्ये भारतात विक्रीस आलेल्या जिम्नीत, आस आडवा सरकू नये म्हणून आणखी एक दांडी असते. ती आणि ड्रॅग लिंक परस्परांना समांतर असल्या तर दोहोंचे झोके एकमेकांशी जुळतात. त्यांपैकी एकच दुरुस्त केली तर दोष घटण्याऐवजी वाढतो.

आसाचा मागे झुकलेला कोनही तपासला पाहिजे. वळण संपताच चक्र आपोआप सरळ होते ते ह्या कोनामुळे. लांब शॅकल लावून गाडी उचलली की पाटा कलतो व कोन बिघडतो. मग पाचर घालून तो सुधारावा लागतो. पाचरीने प्रॉपेलर शाफ्टचाही कोन बदलतो, हे विसरू नये. चक्र थरथरू लागले की डॅम्पर बसवून घेण्याची पद्धत आहे. तो थरथर झाकतो; झिजलेला सांधा झिजलेलाच राहतो.

तपासणीची रीत सोपी आहे. गाडी सपाट जमिनीवर उभी करून एकाने चक्र थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने खाली पाहावे. जो सांधा हलूनही पुढची दांडी हलवीत नाही, तो बदलावा. प्रत्येक नटाची स्प्लिट पिन हाताने चाचपावी. नंतर चासी जॅकवर घेऊन आस लोंबता ठेवावा आणि चाके दोन्हीकडे पूर्ण वळवावीत. ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.