अत्तराचा वास बदलला तर?

प्रश्न : नांदेडच्या दुकानात एकाच मनगटावर चार-पाच अत्तरं लावून पाहिली आणि वाळ्याचं घेतलं. अर्धापूरला येईपर्यंत मनगटावरचा वास बदलला. भेसळ असेल का?
– एक भगिनी, अर्धापूर

उत्तर : ताई, वास बदलला म्हणजे भेसळच, असं नाही. हलके गंध आधी उडतात, जड मागे राहतात. कनौजची पारंपरिक अत्तरं तर चंदनतेलात उतरवतात, म्हणून शेवटी चंदनाचा वास मागे राहतो. त्यात तुमच्या मनगटावर सगळे वास मिसळले. एका मनगटावर एकच थेंब लावा, चोळू नका, तासाभरानं हुंगा. बाकीची कागदाच्या पट्टीवर पाहा. वाळा आवडतो, तर भाजलेल्या मातीपासून काढलेलं मिट्टी अत्तर जरूर हुंगून पाहा. पहिल्या पावसाचा तो वास मला फार प्रिय आहे. मात्र नैसर्गिक तेलानंही पुरळ उठू शकतं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दिवसभर थांबा. खाज सुटली तर ते अत्तर अंगाला लावू नका.