शाळेवरून जाणारे विमान : एक निरीक्षणपाठ

(इयत्ता पाचवी ते सातवी, विषय : सामान्य विज्ञान, भूगोल व गणित)

वर्गात अपूर्णांकांचा पाठ चालू असावा, आणि एकाएकी कौलांवरून घरघर ऐकू यावी. मग काय होते हे शिक्षकबंधुभगिनींस सांगावयास नको. साऱ्या माना खिडकीकडे वळतात, दाराजवळचा एखादा चपळ मुलगा व्हरांड्यात पोचलेलाही असतो. आपण टेबलावर पट्टी आपटतो, मुले परत फळ्याकडे पाहू लागतात, आणि विमान निघून जाते. गेलेली दोन मिनिटे वाया गेली असे आपण समजतो. तथापि ज्या वस्तूकडे पाहण्यासाठी मुलांस सांगावे लागत नाही, अशी वस्तू पाठासाठी आयतीच चालून आली असता ती दवडणे कितपत योग्य, याचा विचार व्हावा. विमाने नुसती पाहावयाची नसून ओळखावयाची, मोजावयाची व टिपून ठेवावयाची, हा छंद जगात अनेक ठिकाणी प्रौढ माणसे वर्षानुवर्षे जोपासतात. त्याचे शालेय रूप कसे असावे, आणि त्यात कोणती खबरदारी घेतली पाहिजे, हे प्रस्तुत लेखात मांडले आहे.

उदाहरणासाठी कोल्हापूरचा विमानतळ घेऊ. उजळाईवाडी येथील हा तळ संस्थानकाळातला असून त्यास छत्रपती राजाराम महाराजांचे नाव आहे. मध्यंतरी बराच काळ तेथून नियमित प्रवासी वाहतूक नव्हती. 2018 साली 'उडान' योजनेखाली ती पुन्हा सुरू झाली, आणि 10 मार्च 2024 रोजी नव्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन झाले. गडमुडशिंगी, तामगाव, गोकुळ शिरगाव या बाजूच्या मुलांस विमान हे आता नवल राहिलेले नाही. धावपट्टीच्या विस्तारासाठी ज्यांच्या घरची जमीन गेली, अशीही मुले त्या वर्गांत बसलेली असतात. विमानाविषयी बोलताना शिक्षकाने हे ध्यानात ठेवावे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या तळांपेक्षा असा लहान तळ निरीक्षणास अधिक सोयीचा होय. तेथे मोठ्या तळांसारखी विमानांमागून विमाने येत नाहीत. एक आले की पुढचे येईपर्यंत त्याची नोंद करण्यास, चर्चा करण्यास व वाद घालण्यास पुरेसा वेळ मिळतो.

आरंभ ओळखण्यापासून करावा. मुले प्रथम रंग पाहतात, पण रंग हा सर्वांत फसवा. एकाच कंपनीची निरनिराळी विमाने एकाच रंगाची असतात, व उन्हाच्या विरुद्ध बाजूस तर सारीच काळी दिसतात. म्हणून चार प्रश्न ठरवून द्यावेत : पंख धडाच्या वरून निघतात की खालून? इंजिने किती व कोठे? पंखे फिरताना दिसतात काय? शेपटीचा आडवा भाग धडाला जोडलेला आहे की उभ्या भागाच्या टोकावर बसविलेला? कोल्हापूरसारख्या प्रादेशिक तळांवर पुष्कळदा दिसणारे एटीआर 72 या जातीचे विमान या चार प्रश्नांनी लगेच सापडते. त्याचे पंख धडाच्या वर, दोन्ही पंखांखाली एकेक इंजिन, प्रत्येक इंजिनापुढे सहा पात्यांचा पंखा, आणि शेपटी इंग्रजी 'टी' अक्षरासारखी. मोठ्या तळांवरील एअरबस ए 320 चे पंख खालून निघतात, इंजिने पंखांखाली लटकतात व बाहेर पंखा फिरताना दिसत नाही. एम्ब्रेअर कंपनीची विमाने मात्र मुलांस चांगलीच फसवितात. तिच्या 145 क्रमांकाच्या जातीत इंजिने धडाच्या मागच्या भागास चिकटलेली असतात, तर 175 मध्ये ती पंखांखाली असतात. कंपनीचे नाव कळले म्हणजे जात कळली असे नाही, हे मुलांस यावरून आपोआप पटते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये हजारो नागरिक स्वयंसेवक आकाशाकडे डोळे लावून असत. येणारे विमान आपले की शत्रूचे, हे केवळ काळ्या आकृतीवरून सांगण्याचे शिक्षण त्यांस दिलेले असे. शाळेतही तसे करता येते. काळ्या कागदाची तीन-चार विमाने कातरून भिंतीवर लावावीत व रोज एखादी आकृती क्षणभर दाखवून विचारावे. चित्रकलेच्या तासाला मुले जे विमान काढतात ते बहुधा सर्वांचे सारखेच असते : माशासारखे धड, रांगेने गोल खिडक्या, आणि पंख कोठूनही फुटलेले. महिनाभराच्या निरीक्षणानंतर तेच चित्र पुन्हा काढवून घ्यावे व दोन्ही शेजारी शेजारी ठेवावीत.

जातीनंतर नोंदणीचिन्ह. मोटारीवरील 'एमएच 09' पाहून ती महाराष्ट्रातील कोल्हापूरची हे जसे कळते, तसे विमानावरील आरंभीच्या चिन्हावरून देश कळतो. भारताची अक्षरे 'व्हीटी'. त्यापुढे आडवी रेघ व तीन अक्षरे. ही तीन अक्षरे प्रत्येक विमानाची वेगळी. धडाच्या मागील भागावर आणि डाव्या पंखाच्या खालच्या बाजूस ती लिहिलेली असतात. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईस जुहू येथे एक लहानसे विमान आणले. त्याचे चिन्ह 'व्हीटी-एडीएन' होते, हे आजही सांगता येते. ते विमान नेमके कोणते, याविषयी शंका राहत नाही ती या पाच अक्षरांमुळे. मुलांनी तीनपैकी दोनच अक्षरे वाचली असतील तर दोनच लिहावीत व तिसऱ्या जागी टिंब द्यावे. अंदाजाने भरलेले अक्षर हे रिकाम्या जागेहून वाईट, हा दंडक पहिल्याच दिवशी घालावा व स्वतःही पाळावा.

आता मोजणी. या भागात गणित शिकविणाऱ्यास खरी मौज आहे. हात सरळ ताणून पट्टी डोळ्यांसमोर धरली असता बाजूने जाणारे विमान पट्टीवर किती सेंटिमीटर भरते ते पाहावे. एटीआर 72 ची लांबी सुमारे 27 मीटर. पट्टी डोळ्यापासून 50 सेंटिमीटरवर असून विमान 1 सेंटिमीटर दिसले, तर त्याचे अंतर लांबीच्या 50 पट, म्हणजे 1350 मीटर. पण तेच विमान ए 320 समजले, तर त्याची लांबी सुमारे साडेसदतीस मीटर धरावी लागेल आणि उत्तर 1875 मीटर येईल. पट्टीही तीच, गुणाकारही बरोबर, आणि अंतर मात्र अर्ध्या किलोमीटरने चुकले. ओळखण्यात झालेली चूक मोजण्यात कशी उतरते, ते याहून सोप्या उदाहरणाने दाखविता येईल असे वाटत नाही.

ज्यांच्या गावाजवळ तळ नाही, त्यांच्या डोक्यावरूनही सुमारे 10 किलोमीटर उंचीवरून विमाने जात असतात. मुले आवाज येतो तिकडे पाहतात व विमान दिसत नाही म्हणून हिरमुसतात. ध्वनीस 10 किलोमीटर येण्यास सुमारे अर्धा मिनिट लागतो. ताशी 900 किलोमीटर म्हणजे सेकंदास 250 मीटर. तेवढ्या वेळात विमान साडेसात किलोमीटर पुढे गेलेले असते. आवाजाच्या पुढे पाहावयास सांगा, विमान तेथेच सापडेल. त्याच्या मागची पांढरी रेघ हा धूर आहे असे कित्येक थोरांनाही वाटते. इंजिनातून बाहेर पडलेली वाफ तेथील कडक थंडीत गोठून हिमकण बनतात, त्यांची ती रेघ होय. ती लगेच विरली तर वरची हवा कोरडी, व बराच वेळ राहून पसरली तर दमट.

भूगोलाकरिता धावपट्टीचे क्रमांक उपयोगी पडतात. कोल्हापूरच्या धावपट्टीच्या दोन टोकांस 07 व 25 हे अंक आहेत. त्यांस दहाने गुणले की होकायंत्राचे अंश मिळतात : 70 व 250. दोहोंत 180 अंशांचे अंतर असणारच, कारण पट्टी सरळ आहे. विमान शक्यतो वाऱ्यास सामोरे उतरते व सामोरेच उडते. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो, तेव्हा 25 ची दिशा सोयीची, म्हणजे विमान पूर्वेच्या अंगाने खाली येते. अंतिम निर्णय नियंत्रण मनोऱ्यातील अधिकारी व वैमानिक यांचा असतो, आणि त्यात वाऱ्याखेरीज इतरही कारणे येतात. म्हणून मुलांनी प्रथम शाळेच्या अंगणातील वाऱ्याची दिशा लिहावी, अंदाज करावा, आणि मग प्रत्यक्ष काय झाले ते टिपावे. अंदाज चुकला तर तो खोडू नये. संध्याकाळी अंगणातून पाहण्यासाठी एक कोडेही द्यावे : विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकास तांबडा व उजव्या टोकास हिरवा दिवा असतो. तांबडा आपल्या उजवीकडे व हिरवा डावीकडे दिसला, तर विमान येत आहे की जात आहे? (येत आहे. उत्तर सांगण्यापूर्वी दोन मुलांस समोरासमोर उभे करून पाहावे.)

छायाचित्रणाविषयी मुले आपण होऊनच विचारतील, कारण घरोघरी मोबाईल आहे. आमचे मत असे की वही आधी यावी व कॅमेरा मागाहून. छायाचित्र घेतले की पाहण्याचे काम संपले असे मनास वाटते, व विचारले असता पंख वर होते की खाली हे सांगता येत नाही. तथापि छायाचित्रातही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. सूर्य आपल्या पाठीशी असावा. दुपारी तापलेल्या जमिनीवरील हवा थरथरते व चांगले भिंगही चित्र स्पष्ट देऊ शकत नाही, सकाळ बरी. पंख्याच्या विमानाचे चित्र फार थोड्या वेळात टिपले तर पंखा थांबल्यासारखा दिसतो व विमान आकाशात टांगल्यासारखे वाटते. एटीआरचा पंखा पूर्ण गतीत मिनिटास 1200 फेरे घेतो, म्हणजे सेकंदास 20. सेकंदाच्या हजाराव्या भागात तो 7.2 अंश फिरतो, अडीचशेव्या भागात 28.8 अंश. दोन पात्यांमध्ये 60 अंशांचे अंतर आहे; तेव्हा कोणत्या चित्रात फिरण्याचा भास होईल हे मुलांनीच सांगावे. मोबाईलच्या चित्रात पाती कधी कधी केळीच्या पानासारखी वाकलेली दिसतात. मोबाईल सारे चित्र एका क्षणी टिपत नसून ओळीमागून ओळ टिपतो, आणि तेवढ्यात पाते पुढे सरकलेले असते. यंत्राने काढलेले चित्रही जसेच्या तसे खरे नसते, हे या निमित्ताने मुलांस दाखवावे.

येथे कायद्याची बाब अत्यंत स्पष्टपणे सांगणे अवश्य आहे. 1937 च्या विमान नियमांतील 13 व्या नियमाने सरकारी विमानतळावर लेखी परवानगीवाचून छायाचित्रे घेण्यास मनाई केली. 1934 च्या विमान कायद्याची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, 2024 याने घेतली असून तो 1 जानेवारी 2025 पासून अंमलात आहे. परंतु परवानगीवाचून छायाचित्र नाही हीच शिस्त शाळेने पाळावी. पुण्याचा लोहगाव तळ हवाई दलाचा, व नाशिकजवळील ओझरच्या तळास लढाऊ विमानांचा कारखाना लागून आहे. अशा ठिकाणी कॅमेरा तर नकोच, वहीदेखील नको. ही अतिशयोक्ती समजू नये. नोव्हेंबर 2001 मध्ये ग्रीस देशातील कालामाता येथील हवाई तळावर विमानांचे क्रमांक टिपणाऱ्या 12 ब्रिटिश व 2 डच छांदिष्टांस हेरगिरीच्या संशयाने अटक झाली. एप्रिल 2002 मध्ये त्यांस दोषी ठरविण्यात आले व त्याच वर्षी नोव्हेंबरात अपिलात ते सुटले. ती प्रौढ माणसे होती व त्यांच्या पाठीशी त्यांच्या देशांतील लोक उभे राहिले. आपल्या वर्गातील बारा वर्षांच्या मुलास कुंपणाशी मोबाईल धरलेला पाहून कोणी हटकले, तर त्याची बाजू मांडावयास तेथे कोण असणार? म्हणून कुंपणाजवळ जाणे, त्यावर चढणे, तळाजवळ पतंग वा ड्रोन उडविणे, उतरत्या विमानावर आरशाचा किंवा लेसरचा झोत टाकणे, या गोष्टींस पूर्ण मज्जाव असावा. तळाभोवती 10 किलोमीटरांत उघड्यावर केरकचरा किंवा मेलेली जनावरे टाकण्यासही 1937 च्या नियमांनी बंदी केली, कारण त्यावर घारी व गिधाडे जमतात आणि पक्षी इंजिनात शिरला तर अपघात ओढवतो. गावाच्या उकिरड्याचा आणि विमानाचा हा संबंध मुलांनी घरी जाऊन सांगितला तर चांगलेच.

निरीक्षणाची जागा शाळेचे अंगण हीच ठेवावी. तळ पाहावयाचाच असेल तर मुख्याध्यापकांनी विमानतळ संचालकांस शाळेच्या कागदावर रीतसर पत्र लिहावे. त्यात मुलांची संख्या, इयत्ता, बरोबरच्या शिक्षकांची नावे व भेटीचा हेतू नमूद करावा, आणि छायाचित्रे घ्यावयाची असल्यास त्याची परवानगी स्वतंत्र वाक्यात मागावी. नकार आला तर ते पत्रही वहीस जोडून ठेवावे.

वहीत तारीख, वेळ, वारा, आलेली दिशा, गेलेली दिशा, चार प्रश्नांची उत्तरे, नोंदणीचिन्ह व निरीक्षकाचे नाव एवढे रकाने पुरेत. दर आठवड्यास दोन मुलांची पाळी लावावी. त्या दोघांनी विमानाचा आवाज येताच न विचारता बाहेर जावे, बाकीच्यांनी अपूर्णांक सोडवीत राहावे. दोघांच्या नोंदी एकमेकांस न दाखविता लिहून घ्याव्यात, आणि त्या जुळल्या नाहीत तर दोन्ही तशाच ठेवून शनिवारच्या तासाला वाचाव्यात.