चित्रांची शाळा

पोरगं भिंतीवर कोळशानं बैल काढतं. आपण रागावतो. चित्रानं पोट भरतं का, ही धास्ती काही खोटी नव्हे.

पण चित्रं शिकवणारी मोठी शाळा मुंबईत आहे. सर जे. जे. कलाशाळा. ती १८५७ साली निघाली. २०२३ साली तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

कोल्हापूरचे धुरंधर १८९० साली तिथं शिकायला गेले. तेव्हा हाती लगेच रंग मिळत नसे. आधी पांढरा पुतळा समोर ठेवीत. नाक, कान, सावली, सारं पेन्सिलीनं उतरवायचं. मग जिता माणूस बसवीत. तो हलला की झाली पंचाईत! पुढं धुरंधर तिथंच मास्तर झाले.

आपल्या बोदलकशाचं पोरही तिथं जाऊ शकतं. बारावी व्हावी लागते, प्रवेशाची परीक्षा असते. तोवर त्याला तलावाकाठचा बगळा काढू द्या. तोही हलतोच.