मोती नदीच्या मुखावरील तळीं व तुती

चीन देशाच्या दक्षिणेस ग्वांगडोंग प्रांतांत जिला झूजियांग, म्हणजे मोती नदी, म्हणतात ती वस्तुतः एक नदी नव्हे. पश्चिमेकडून शीजियांग, उत्तरेकडून बेजियांग व पूर्वेकडून डोंगजियांग अशा तीन नद्या, पूर्वीं कँटन म्हणून प्रसिद्ध असलेल्या ग्वांगझो शहराच्या आसपासच्या सखल प्रदेशांत उतरतात, असंख्य फांट्यांनीं पसरतात व आठ मुखांनीं समुद्रास मिळतात. यांत शीजियांग सर्वांत मोठी. तिची लांबी सुमारें २,२०० किलोमीटर असून बहुतेक पाणी व गाळ तीच आणते.

आज जेथें हा त्रिकोण पसरला आहे तेथें सुमारें सहा हजार वर्षांपूर्वीं उथळ खाडी होती व तींत खडकाळ बेटें होतीं. सपाट खाचरांतून एकाएकीं वर आलेल्या ज्या टेकड्या तेथें दिसतात त्या म्हणजे तींच बेटें होत. नद्यांच्या गाळानें खाडी भरली हें खरें; तथापि सर्व काम नदीवर सोंपवून तेथील शेतकरी स्वस्थ बसला नाहीं. सोंग राजवटींत (इ. स. ९६०–१२७९) उत्तरेकडील लोक दक्षिणेस येऊन वसले व नद्यांस बांध घालण्याचें काम जोरानें सुरू झालें. सांगयुआनवेई, म्हणजे तुतीच्या बागांचा बांध, हा त्याच काळीं आरंभिलेला आहे. २०२० सालीं सिंचनविषयक आंतरराष्ट्रीय आयोगानें त्याचा आपल्या वारशाच्या यादींत समावेश केला.

नवी जमीन करण्याची रीत मोठ्या धीराची होती. मुखाजवळ उथळ जागा पाहून तेथें दगड टाकीत, म्हणजे प्रवाह मंदावून गाळ बसे. गाळाच्या वाढीच्या पायऱ्यांस लोकांनीं आपल्या डोळ्यांस दिसेल तशीं नांवें दिलीं होतीं. प्रथम मासे पोहतात ती अवस्था, मग वल्हें तळास लागतें ती, मग क्रौंच पक्षी उभा राहतो ती, नंतर गवत रुजतें ती. शेवटीं बांध पडून शेत होई. परंतु अशा जमिनीची मालकी बहुतकरून आंतल्या गांवांतील धनाढ्य घराण्यांकडे असे. चिखलांत राबणारे पुष्कळसे लोक नावांवर राहणारे दान जातीचे असत, व त्यांस बांधावर पक्कें घर बांधण्याची मोकळीक नसे. शिवाय खालीं बांध पुढें सरकला कीं पात्र अरुंद होऊन वरच्या गांवांत पाणी चढे. १९१५ सालच्या महापुरांत बांध फुटून खुद्द ग्वांगझो शहरांतही पाणी शिरलें.

आतां ज्या पद्धतीसाठीं हा प्रदेश अभ्यासण्याजोगा आहे तिजकडे वळूं. शुन्दे व नान्हाई या भागांत जमीन इतकी सखल कीं भाताचें पीक वारंवार बुडे. तेव्हां शेतकऱ्यांनीं शेतच खणून तळें केलें व निघालेली माती कडेस टाकून रुंद वरंबे उंचावले. वरंब्यांवर आधीं लिची, लोंगन यांसारखीं फळझाडें असत. पुढें तुती आली. तुतीचा पाला रेशमाच्या किड्यांस, किड्यांच्या लेंड्या व कोशांतून निघालेले मेलेले किडे तळ्यांतील माशांस, आणि तळ्याच्या तळाचा काळा गाळ पुनः तुतीच्या मुळांस, असें हें रहाट होतें. गाळ वर्षांतून अनेक वेळां उपसून वरंब्यावर पसरीत, त्यामुळें पावसानें वाहून गेलेली मातीही जागेवर येई. मासे सुद्धां विचारानें निवडलेले: एक जात गवत खाते, तिच्या विष्ठेवर वाढलेले सूक्ष्म जीव दुसरी जात मधल्या पाण्यांत टिपते, उरलेंसुरलें तिसरी तळाशीं वेंचते. उष्ण हवेमुळें किड्यांचीं वर्षांत सहासात पिकें निघत. बाहेरच्या खताची फारशी गरज न ठेवणारी अशी व्यवस्था क्वचितच आढळेल.

ती इतकी पसरली ती मात्र परदेशी पैशानें. १७५७ सालीं चिनी सरकारनें युरोपीय व्यापार एकट्या ग्वांगझो बंदरांत कोंडला. आपल्या मुंबईचा कापूस व पुढें माळव्याची अफू तेथेंच जात असे, व परतीच्या मालांत चहाबरोबर रेशीम असे. १८७२ च्या सुमारास चेन छीयुआन यानें नान्हाईंत वाफेवर रेशीम उकलण्याचा कारखाना काढला. १८८१ सालीं पोट मारलें गेलेल्या विणकरांनीं त्याच भागांतील असल्या कारखान्यांविरुद्ध दंगा केला, तरी तुती वाढतच गेली. खाचरें मोडून तळीं झालीं. भात ग्वांगशी प्रांतांतून, पुढें सयाम व अन्नाम येथून विकत येऊं लागला. रेशमाचा भाव चढा होता तोंवर यांत कोणासच चूक दिसली नाहीं.

१९२९ नंतरच्या मंदींत रेशमाचा भाव कोसळला. जपानी रेशमाची व कृत्रिम धाग्याची स्पर्धा होतीच. तुती उपटून अनेकांनीं ऊस लावला; तळीं व वरंबे राहिले, पण रहाटाचा एक दांता तुटला. १९३८ सालीं जपान्यांनीं ग्वांगझो घेतलें. युद्धानें परदेशी तांदूळ येणें खुंटलें व १९४३ सालीं ग्वांगडोंगांत भीषण दुष्काळ पडला. उत्तम तळीं व उत्तम तुती यांच्या धन्यांजवळ कणगींत धान्य नव्हतें.

१९८० सालीं शेन्झेन येथें विशेष आर्थिक क्षेत्र झाल्यापासून कारखाने व घरें यांखालीं पुष्कळ तळीं बुजलीं. उरलेल्यांत मासे आहेत, परंतु त्यांस विकतचें खाद्य घालतात. शीजियांगच्या वरच्या अंगास झालेल्या धरणांत गाळ अडतो, म्हणून मुखाशीं तो पूर्वीपेक्षां पुष्कळच कमी येतो. आणि हिंवाळ्यांत नदी ओसरली म्हणजे खारें पाणी फांट्यांतून आंत चढतें.