काम देणारा पैसे मागत नाही

(संगणक आणि मोबाइल यांमुळे आज घरबसल्या काम करून पैसे मिळवता येतात. परंतु खऱ्या कामाच्या जाहिरातींबरोबर खोट्या कामाचे जाळे टाकणारेही पुष्कळ आहेत. हे जाळे कसे ओळखावे आणि त्यापासून दूर कसे राहावे, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, पूर्वी काम शोधायचे म्हणजे घराबाहेर पडावे लागे. कारखान्याच्या दारात उभे राहावे लागे किंवा ओळखीच्या माणसाची शिफारस आणावी लागे. आता काळ बदलला आहे. कोणी घरी बसून उर्दू मजकूर टंकित करून देतो. कोणी मराठीतून उर्दूत अनुवाद करतो. कोणी लग्नपत्रिकेची मांडणी करतो, तर कोणी दूरच्या दुकानदाराचे हिशेब लिहून देतो. काम इंटरनेटवरून येते आणि इंटरनेटवरूनच परत जाते. असे काम करणाऱ्याला 'मुक्त व्यावसायिक' किंवा 'फ्रीलान्सर' म्हणतात.

मुक्त व्यावसायिकाला मालक नसतो. ही गोष्ट जितकी चांगली, तितकीच जोखमीची. दुकानात काम करणाऱ्या मुलाला मालकाचे नाव, घर आणि गल्ली ठाऊक असते. मुक्त व्यावसायिकाला मात्र काम देणाऱ्याचा चेहराही पुष्कळदा ठाऊक नसतो. त्यातून तो नवा असेल, तर पहिले काम मिळवण्याची त्याला फार घाई असते. 'गरजवंताला अक्कल नसते' अशी मराठीत म्हण आहे. गरजू माणूस मूर्ख असतो, असा तिचा अर्थ नव्हे. गरज माणसाला थांबून विचार करू देत नाही, हे ती सांगते. ठग नेमका याच घाईचा फायदा घेतो.

मग खरे काम आणि खोटे काम यांतला फरक ओळखायचा कसा? एक साधी गोष्ट लक्षात ठेवा. गवंडी भिंत बांधतो आणि घरमालक त्याला मजुरी देतो. शिंपी कपडा शिवतो आणि गिऱ्हाईक त्याला शिलाई देते. ''माझी भिंत बांधायची असेल, तर आधी मला पाचशे रुपये दे,'' असे घरमालक गवंड्याला कधी म्हणतो का? नाही ना? कामात पैसा नेहमी काम देणाऱ्याकडून काम करणाऱ्याकडे जातो. तो उलट दिशेने जाऊ लागला, की समजावे, हे काम नव्हे. समोरचा त्याला नोंदणी शुल्क म्हणो, प्रशिक्षणाचा खर्च म्हणो किंवा अनामत रक्कम म्हणो. नाव बदलले तरी गोष्ट तीच.

'अनामत' हा शब्द तुम्हाला ओळखीचा वाटला असेल. उर्दूतील 'अमानत' तो हाच. अमानत म्हणजे विश्वासाने सांभाळायला दिलेली वस्तू. गंमत अशी, की फ्रीलान्सिंगच्या खऱ्या व्यवहारातही एक अमानत असते, पण ती काम देणाऱ्याने ठेवायची असते. अपवर्क, फायव्हर यांसारख्या संकेतस्थळांवर काम देणारा ठरलेली रक्कम संकेतस्थळाकडे आधी जमा करू शकतो. काम पसंत पडले, की ती काम करणाऱ्याला मिळते. संकेतस्थळ आपली दलाली त्या कमाईतून कापून घेते. काही ठिकाणी कामासाठी अर्ज करायलाही संकेतस्थळ थोडे पैसे घेते. परंतु ते त्याच्या जाहीर नियमांत लिहिलेले असते. काम देणारा अनोळखी माणूस मात्र तुमच्याकडे कधीही पैसे मागत नाही. म्हणूनच ठग म्हणतो, ''संकेतस्थळ सोडा, आपण व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर बोलू.'' तेथे अमानत नसते आणि साक्षीदारही नसतो.

आता ठगांच्या काही युक्त्या पाहू.

पहिली युक्ती टंकलेखनाच्या कामाची. समजा, तुमच्या आपांनी एक जाहिरात वाचली : 'रोज दोन तास काम करा, महिन्याला तीस हजार मिळवा.' आपांनी करारावर सही केली. शेकडो पाने पाच दिवसांत टंकित करायची होती. त्यांनी रात्री जागून काम पुरे केले. तेव्हा उत्तर आले, ''तुमच्या कामात चुका फार आहेत. पैसे मिळणार नाहीत. उलट करार मोडल्याबद्दल तुम्हीच दंड भरा.'' दुसऱ्या दिवशी एका 'वकिला'चा फोन आला. तो म्हणाला, ''आज पैसे भरले नाहीत, तर उद्या पोलीस घरी येतील.'' घरातल्या सगळ्यांचे धाबे दणाणले. मुलीच्या नावाने घरी पोलीस येणार, मोहल्ल्यात चर्चा होणार, या भीतीने पुष्कळ लोक मुकाट्याने पैसे भरतात.

येथे थोडे थांबून विचार करावा. वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे. खरा वकीलसुद्धा फोन करून कोणाला अटक करवू शकत नाही. फसवून करून घेतलेला करार, फसलेला माणूस नाकारू शकतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातच तशी तरतूद आहे. शिवाय या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलामुलींनी केलेला करार त्यांच्यावर बंधनकारक नसतो. ज्याला हे ठाऊक आहे, त्याला भीती दाखवणे कठीण असते.

दुसरी युक्ती सोप्या कामाची. अनोळखी क्रमांकावरून संदेश येतो, 'व्हिडिओला पसंती द्या, हॉटेलला पाच तारे द्या आणि पैसे कमवा.' पहिल्या दिवशी दीडशे-दोनशे रुपये खरोखरच खात्यात जमा होतात. येथेच माणूस फसतो. ''पैसे आले म्हणजे काम खरे आहे,'' असे त्याला वाटते. पण मासा पकडणाराही गळाला आधी आमिष लावतोच. मग सांगण्यात येते, ''आता मोठे काम घ्या. एक हजार भरा, तेराशे परत मिळतील.'' गटातील इतर लोक आपापल्या कमाईची छायाचित्रे पाठवतात. ते बहुधा ठगाचेच साथीदार असतात. तुमच्या पडद्यावर जमा रकमेचा आकडा वाढत जातो. पण पडद्यावरचा आकडा म्हणजे खिशातला पैसा नव्हे. तो काढायला जावे, तर ''आधी कर भरा,'' असे उत्तर मिळते. कर भरला, की नवे कारण निघते. गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी माणूस आणखी पैसे भरत जातो आणि शेवटी ठग पोबारा करतो. 'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं,' असे म्हणतात ते उगीच नाही.

तिसरी युक्ती सर्वांत घातक. तीत तुमच्याकडे कोणी पैसे मागत नाही. उलट म्हणतात, ''आमचे पैसे तुमच्या खात्यात येतील. दोन टक्के तुम्ही ठेवा आणि बाकीचे आम्ही सांगू त्या खात्यात पाठवा.'' किंवा ''तुमचे बँक खाते आणि सिमकार्ड महिनाभर भाड्याने द्या.'' हे पैसे बहुधा दुसऱ्या कोणाकडून लुबाडलेले असतात. त्या माणसाने तक्रार केली, की पोलीस पैशांचा माग काढत प्रथम तुमच्या खात्यापर्यंत येतात. बँक खाते गोठवते. ठग दूर राहतो आणि दोन टक्क्यांचा धनी आरोपी होतो. म्हणून आपले खाते कोणालाही वापरू देऊ नये. ओळखीच्या मित्राने मागितले तरीही नाही.

पैसे घेताना आणखी एक काळजी घ्यावी. यूपीआयने पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन टाकावा लागतो तो पैसे देण्यासाठी. ''तुमची मजुरी पाठवली आहे, पिन टाकून घ्या,'' असे कोणी म्हणाले, तर तो तुमच्या खात्यातून पैसे काढत आहे, असे खुशाल समजा. मोबाइलवर आलेला ओटीपीही कोणाला सांगू नये. आपला पडदा दुसऱ्याला दाखवणारे ॲप अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून घेऊ नये.

मग नव्या माणसाने काम घ्यायचेच नाही की काय? असे मुळीच नाही. काम जरूर घ्यावे, पण घेण्यापूर्वी स्वतःला पाच प्रश्न विचारावेत. काम देणारा कोण आहे? त्याच्या कंपनीचा पत्ता व क्रमांक आपण स्वतः शोधून पडताळला आहे का? काम किती, मोबदला किती आणि तो कधी मिळणार, हे लिहून घेतले आहे का? कामाच्या मानाने मोबदला फार मोठा तर नाही? आणि तो आपल्याला घाई का करत आहे? नमुना म्हणून एखादे पान करून द्यायला हरकत नाही. मात्र नमुन्याच्या नावाखाली कोणी सबंध पुस्तक मागू लागला, तर नम्रपणे नकार द्यावा. मोठे काम असेल, तर त्याचे भाग पाडावेत आणि एका भागाचे पैसे मिळाल्यावर दुसरा भाग हाती घ्यावा.

इतके करूनही एखादा फसलाच, तर काय करावे? १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवरही तक्रार करता येते. आपल्या बँकेलाही कळवावे. येथे मात्र घाई करायलाच हवी. ठग पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात भराभर हलवत असतो. तक्रार लवकर पोहोचली, तर वाटेत सापडलेली रक्कम बँका रोखून धरू शकतात. संदेश पुसून टाकू नयेत. व्यवहाराचा क्रमांक, ठगाचा फोन क्रमांक आणि पडद्याची छायाचित्रे जपून ठेवावीत, तोच पुरावा. ''थोडे शुल्क द्या, तुमचे बुडालेले पैसे काढून देतो,'' असे म्हणणारा भेटला, तर तो दुसरा ठग समजावा. संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मुलांनो, पुष्कळ जण फसल्यावर घरी सांगत नाहीत. अब्बा रागावतील, लोक हसतील, असे त्यांना वाटते. ते गप्प राहतात, तोवर पैसे दूर निघून जातात. फसणे हा गुन्हा नाही. फसवणे हा गुन्हा आहे. तुमच्या घरी भाईजान किंवा आपा कधी चिंतेत दिसले, तर प्रेमाने विचारा. त्यांनी सांगितलेच, तर रागावण्यापूर्वी १९३० हा क्रमांक लावून द्या. रागवायला नंतर पुष्कळ वेळ असतो.

शब्दार्थ

मोबदला – कामाबद्दल मिळणारे पैसे
दलाली – व्यवहार जुळवून देण्याबद्दल घेतलेली रक्कम
आमिष – लालूच, प्रलोभन
पडताळणे – खरे-खोटे तपासून पाहणे
गोठवणे – (खात्यातील) व्यवहार बंद करणे
धाबे दणाणणे – फार घाबरणे
पोबारा करणे – पळून जाणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुक्त व्यावसायिक कोणाला म्हणतात?
(आ) यूपीआयचा पिन केव्हा टाकावा लागतो?
(इ) सायबर फसवणुकीची राष्ट्रीय मदतवाहिनी कोणत्या क्रमांकाची आहे?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) ठग पहिल्या दिवशी थोडे पैसे खरोखर देतो.
(आ) आपले बँक खाते भाड्याने देऊ नये.
(इ) फसवणुकीची तक्रार ताबडतोब करावी.

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) गवंडी आणि घरमालक यांच्या उदाहरणावरून लेखकाने काय समजावून दिले आहे?
(आ) खोट्या वकिलाचा फोन आला, तर तुम्ही आपांना काय सांगाल?

प्र. ४. करार, वकील, हुकूम, नमुना, हिशेब, मोहल्ला हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा. 'अनामत' आणि 'अमानत' यांच्या अर्थांत आज कोणता फरक दिसतो, तो लिहा.

प्र. ५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
खरे × ……   ओळखीचा × ……   सोपे × ……   विश्वास × ……

उपक्रम : वर्तमानपत्रांतील व मोबाइलवरील कामाच्या पाच जाहिराती जमवा. पाठातील पाच प्रश्न प्रत्येक जाहिरातीला लावून पाहा. कोणती जाहिरात संशयास्पद वाटते आणि का, यावर वर्गात चर्चा करा.