रोजचा अर्धा तास

(व्यायाम हा फक्त पहिलवानांसाठी किंवा खेळाडूंसाठी असतो, असा पुष्कळ लोकांचा समज आहे. कामधंदा करणाऱ्या साध्या माणसांनाही व्यायामाची गरज असते काय? ती माणसे व्यायाम कधी आणि कशी करतात? या पाठात एका शिक्षकांनी आपल्या घरातील अनुभव सांगितला आहे.)

एकदा मी आठवीच्या वर्गात विचारले, “मुलांनो, तुमच्या घरी व्यायाम कोण करते?”

एक मुलगा उठून म्हणाला, “सर, माझे मामू आखाड्यात जातात.” दुसरा म्हणाला, “माझे भाईजान जिममध्ये जातात.” त्यानंतर वर्गात शांतता पसरली. थोड्या वेळाने मागच्या बाकावरील एक मुलगी हळूच म्हणाली, “सर, आमच्या घरी कोणीच व्यायाम करत नाही. आमच्या घरी सगळे काम करतात.”

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. काही वर्षांपूर्वी मलाही हेच उत्तर द्यावे लागले असते.

आमचे घर मालेगावात आहे. अब्बांनी सारे आयुष्य यंत्रमागावर काढले. बारा तासांची पाळी असे. यंत्रमागांच्या खडखडाटात उभे राहायचे, तुटलेला धागा जोडायचा, संपलेली कांडी बदलायची. रात्री घरी आले, की ते पाय पसरून बसत आणि म्हणत, “दिवसभर उभा असतो. मला आणखी कसला व्यायाम हवा?”

अम्मीचेही तसेच होते. पहाटे उठून पाणी भरायचे, रोट्या करायच्या, धुणीभांडी करायची आणि दुपारी कांड्या भरायला बसायचे. तिला निवांत बसलेली मी क्वचितच पाहिली असेल.

घरात व्यायामाची आवड होती ती फक्त दादाजानना. तरुणपणी ते आखाड्यात जात. तेथील लाल मातीत दंड, बैठका आणि कुस्ती चाले. म्हातारपणी आखाडा सुटला. पण सवय सुटली नाही. रोज सकाळी ते खाटेच्या पायथ्याला धरून वीस बैठका काढत. आम्ही मुले मोठ्याने मोजत असू. एखादी बैठक आम्ही जास्त मोजली, तर ते लगेच ओळखत आणि म्हणत, “खोटी मोजू नका. शरीराला खोटा हिशेब चालत नाही.”

२०१८ साली अम्मीला वारंवार तहान लागू लागली. थकवा येऊ लागला. पायाला झालेली छोटीशी जखम महिनाभर भरली नाही. रक्त तपासले, तेव्हा मधुमेह असल्याचे समजले. डॉक्टरांनी औषध दिले. खाण्यापिण्याचे पथ्य सांगितले आणि शेवटी म्हणाले, “रोज अर्धा तास भरभर चालायचे.”

अम्मी एकदम म्हणाली, “डॉक्टरसाहेब, दिवसभर माझ्या पायाला भिंगरी असते. आणखी कुठे चालू?”

डॉक्टर हसले. ते म्हणाले, “घरकामात शरीर हलते, ते चांगलेच आहे. पण तुम्ही दोन पावले चालता आणि थांबता. सलग भरभर चालल्याने हृदय जोराने काम करते. पायांच्या मोठ्या स्नायूंना शक्ती लागते. ती मिळवण्यासाठी ते रक्तातील साखर वापरतात. चालणे संपल्यावरही काही तास त्याचा फायदा शरीराला मिळतो.”

अम्मीला हे पटले. पण रस्त्यावर चालायला जाण्याचा तिला संकोच वाटे. “या वयात मी फिरायला निघाले, तर मोहल्ल्यातील लोक काय म्हणतील?” असे ती म्हणे. त्या चिंतेत पंधरा दिवस गेले. औषध चालू होते. पण चालणे सुरू झाले नव्हते. पायाच्या जखमेकडे पाहून मला भीती वाटू लागली. मधुमेहाकडे दुर्लक्ष केले, तर डोळे, मूत्रपिंडे आणि पाय यांना इजा होते, हे मी वाचले होते.

शेवटी अम्मीनेच मार्ग काढला. जखम भरल्यावर डॉक्टरांनी होकार दिला आणि तिने घराच्या गच्चीवर चालायला सुरुवात केली. फेऱ्या मोजण्यासाठी ती ओढणीच्या गाठीत चिंचोके बांधून नेई. एक फेरी झाली, की एक चिंचोका कठड्यावर ठेवायचा. पहिल्या दिवशी दहा चिंचोके झाले आणि ती खाली बसली. आठवड्याने वीस झाले. महिन्याने चाळीस झाले.

अब्बा मात्र हसत. एके दिवशी मी त्यांना पुस्तकात वाचलेली एक हकिकत सांगितली. लंडन शहरात दुमजली बस धावत असत. प्रत्येक बसवर एक चालक आणि एक वाहक असे. चालक दिवसभर बसून बस चालवी. वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसभर जिना चढे आणि उतरे. एका दिवसात त्याच्या पाचशेहून अधिक पायऱ्या होत. दोघांची बस एकच, शहरही एकच. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा हजारो कामगारांच्या प्रकृतीचा अभ्यास केला. तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. वाहकांना चालकांपेक्षा हृदयविकार कमी होतो, असे त्यांना आढळले. पायी फिरून टपाल वाटणारे पोस्टमन आणि कार्यालयात बसून काम करणारे कर्मचारी यांच्यातही असाच फरक दिसला. डॉ. मॉरिस स्वतःही नियमित व्यायाम करत. २००९ साली वयाच्या ९९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

“म्हणजे अब्बा,” मी म्हणालो, “किती तास काम केले एवढेच पाहून चालत नाही. त्या कामात शरीर किती हलले, हेही पाहावे लागते.”

अब्बा म्हणाले, “आमच्या कारखान्यात जिना नव्हता, बेटा.” एवढे बोलून त्यांनी वर्तमानपत्र उघडले.

पण जिना आमच्या घरातच होता. एका सकाळी अम्मी गच्चीवर चालत होती. तिने खाली हाक मारून पाणी मागितले. मी अंघोळीला गेलो होतो, म्हणून अब्बा तांब्या घेऊन वर गेले. अवघ्या बावीस पायऱ्या. वर पोहोचेपर्यंत त्यांना धाप लागली. ते कठड्याला धरून उभे राहिले. समोर कठड्यावर चाळीस चिंचोके ओळीने मांडलेले होते आणि अम्मी शांतपणे पाणी पीत होती.

ती त्यांना काहीच बोलली नाही. तेही काही बोलले नाहीत. त्याच आठवड्यात मी अब्बांना डॉक्टरांकडे नेले. रक्तदाब थोडा वाढलेला होता. डॉक्टरांनी त्यांनाही चालायला सांगितले. दुसऱ्या दिवशी फजरनंतर अब्बा चपला घालून दारात उभे राहिले आणि अम्मीला म्हणाले, “गच्ची दोघांना पुरणार नाही. चल, मैदानावर जाऊ.”

सुरुवातीला अम्मी दहा पावले मागे चाले. मग शेजारच्या खाला सोबत येऊ लागल्या. पुढे आणखी दोन बायका आल्या. ‘लोक काय म्हणतील’ या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळाले. लोक म्हणाले, “आम्हीही येऊ का?”

मुलांनो, हे सर्व सरळ घडले असे समजू नका. पावसाळ्यात मैदानावर चिखल झाला आणि चालणे बंद पडले. घरात लग्न निघाले, तेव्हा तीन आठवडे कोणी घराबाहेर फिरायला गेले नाही. रमजानमध्ये डॉक्टरांना विचारून वेळ बदलावी लागली. दरवेळी पुन्हा सुरुवात करावी लागली. सुरुवातीपासून तीन महिन्यांनी अम्मीचे रक्त तपासले, तेव्हा साखर कमी झाली होती. औषध मात्र थांबले नाही. “औषध, पथ्य आणि व्यायाम हे तिघे भाऊ आहेत. एकाला घराबाहेर काढू नका,” असे डॉक्टर म्हणाले.

हा सगळा अनुभव मी वर्गात सांगितला. मग मुलांना एक काम दिले. आठवडाभर घरातील आणि मोहल्ल्यातील माणसे कशी हालचाल करतात, ते पाहून वहीत लिहायचे.

पुढच्या सोमवारी वह्या आल्या. एका मुलाने लिहिले होते, “आमच्याकडे वर्तमानपत्र टाकणारे चाचा रोज सायकलने सारा मोहल्ला फिरतात.” दुसऱ्याने लिहिले, “माझे मामू रिक्षातून एक चौक आधी उतरतात आणि पायी घरी येतात.” एका मुलीची आपा खोलीचे दार लावून दोरीवरच्या उड्या मारत असे. एकाची नानी खाटेवर बसूनच हातपाय ताणत आणि खांदे फिरवत असे. कोणाकडेही महागडी साधने नव्हती. प्रत्येकाने आपल्या घराला, वयाला आणि वेळेला जुळेल अशी सवय लावून घेतली होती.

व्यायाम किती करावा? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली याविषयी मार्गदर्शन केले आहे. प्रौढ माणसांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. म्हणजे आठवड्यातील पाच दिवस रोज अर्धा तास. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी मात्र रोज सरासरी ६० मिनिटे शरीराला श्रम द्यावेत. पळणे, खो-खो, कबड्डी, सायकल, दोरीवरच्या उड्या हे सर्व त्यात येते.

मध्यम श्रम कसा ओळखावा? चालताना आपल्याला बोलता आले पाहिजे; पण गाणे म्हणता येऊ नये. गाणे सहज म्हणता आले, तर थोडे भरभर चालावे. बोलताच येत नसेल, तर थोडे हळू चालावे. छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर लगेच थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहाचे औषध घेणाऱ्या माणसाने आधी डॉक्टरांना विचारावे, पायांत नीट बसणारे बूट घालावेत आणि खिशात साखरेचा खडा ठेवावा. कारण कधी कधी साखर एकदम कमी होते.

सर्व वह्या तपासून झाल्यावर शेवटी मागच्या बाकावरील त्या मुलीची वही हाती आली. पहिले सहा दिवस तिने एकच वाक्य लिहिले होते, “आज घरी कोणीही व्यायाम केला नाही.” सातव्या दिवसाच्या पानावर लिहिले होते, “आज मी आणि अम्मी गच्चीवर चाललो. बारा फेऱ्या झाल्या. आमच्याकडे चिंचोके नव्हते, म्हणून आम्ही हरभरे घेतले.”

मी त्या पानावर लाल शाईने ‘शाबास’ लिहिले. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली, “उद्या तेरा.”

शब्दार्थ

समज – कल्पना, मत
पाळी – कामाची ठरलेली वेळ
यंत्रमाग – विजेवर चालणारा कापड विणण्याचा माग
कांडी – धागा गुंडाळलेली नळी
पथ्य – खाण्यापिण्याचे नियम पाळणे
सलग – न थांबता
स्नायू – शरीराची हालचाल करणारे मांसल भाग
मूत्रपिंडे – रक्त गाळून लघवी तयार करणारे अवयव
संकोच – लाज, बुजरेपणा
चिंचोका – चिंचेचे बी
कठडा – गच्चीच्या कडेची बुटकी भिंत
वाहक – बसमध्ये तिकिटे देणारा कर्मचारी

वाक्प्रचार

पायाला भिंगरी असणे – सतत फिरत राहणे
धाप लागणे – श्रमाने श्वास जोरात चालणे
मार्ग काढणे – अडचणीवर उपाय शोधणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अब्बा कोणते काम करत असत?
(आ) दादाजान रोज किती बैठका काढत?
(इ) अम्मी फेऱ्या कशाने मोजत असे?
(ई) लंडनच्या बसमधील वाहकाला जिना का चढावा लागे?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) भरभर चालल्याने मधुमेह असलेल्या माणसाला कोणता फायदा होतो?
(आ) अब्बांचे मत कशामुळे बदलले?
(इ) मध्यम श्रम कसा ओळखावा?

३. कोण कोणास म्हणाले ते लिहा.
(अ) “शरीराला खोटा हिशेब चालत नाही.”
(आ) “गच्ची दोघांना पुरणार नाही.”

४. पुढील शब्दांचे अनेकवचन लिहा.
फेरी, पायरी, जखम, वही, सवय

५. ‘पायाला भिंगरी असणे’ आणि ‘मार्ग काढणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.

६. विचार करा आणि सांगा.
शिक्षकांनी मुलीच्या वहीत ‘उद्या तेरा’ असे का लिहिले असेल?

उपक्रम : एक आठवडा आपल्या घरातील एका मोठ्या माणसासोबत रोज चाला. किती मिनिटे चाललात, ते रोज वहीत लिहा. ज्या दिवशी चालणे झाले नाही, त्या दिवसाचे कारणही खरे खरे लिहा.